चाळीस चाकांवरची खडूची खूण

नागू ठोंबऱ्यांच्या बुडाला सुख म्हणून नव्हतं. दहिवलीत ओट्यावर माणसं पान जुळवत दोन-दोन तास बसत. नागूकाका पाचव्या मिनिटाला उठत, आणि उठले की हाताला जे लागेल ते ठोकत. ओट्याचा खांब, बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव, शेजाऱ्याचा नवा हंडा, कलिंगड, भिंत. ठोकायचं, मान जरा कलती करायची आणि "हं" म्हणायचं. त्या "हं"चे दोन प्रकार होते, एक चांगला, एक वाईट. शेजारच्या चंद्राबाईने एकदा चिडून विचारलं, "काका, आमच्या घरधन्याचं टाळकं ठोकून बघा की, आत काय हाय का नाय!" काका म्हणाले, "त्याला ठोकायची काय गरज? तो बोलला की कळतंच."

ही खोड रेल्वेने लावलेली. तेहतीस वर्षं काकांनी कर्जत स्टेशनात आगगाडीची चाकं ठोकली. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबायची, घाट चढायला मागून जादा इंजिन लागायचं, आणि ते लागेपर्यंतच्या थोडक्या मिनिटांत लांब दांड्याची हातोडी घेऊन काका डब्यांच्या कडेने चालत जायचे. टण्, टण्, टण्. चाक धड असेल तर आवाज लांबतो. तडा असेल तर आवाज बद्द होऊन जागीच बसतो. शिकायचं ते एवढंच, आणि एवढंसं शिकायला त्यांना दोन वर्षं लागली होती. तेहतीस वर्षांत त्यांनी तडकलेली सात चाकं पकडली. सात वेळा डबा काढायला लावला, सात वेळा स्टेशनमास्तरच्या शिव्या खाल्ल्या, आणि सातही वेळा काकांचं खरं निघालं.

त्र्याऐंशी साली नोकरी संपली आणि येसूबाईंच्या, म्हणजे काकूंच्या, नाकी नऊ आले. माणूस घरात मावेना. सकाळी उठून टोपं ठोकी, दुपारी कौलं ठोकी.

"अवो, देवळात तरी जाऊन बसा घटकाभर," काकू म्हणायच्या.

"देव काय पळून चाललाय का?" म्हणत काका चपला घालायचे आणि निघायचे स्टेशनाकडे. कुठे चाललो ते त्यांचं त्यांनाही माहीत नसायचं.

अशात एक दिवस गुप्ते साहेब घर शोधत आले. हे गुप्ते इंजिनियर. कॉलेजला पुण्याला जाता-येता डब्याच्या खिडकीतून त्यांनी काकांना हातोडी मारत चालताना कैक वेळा बघितलेलं. आता त्यांनी पळसदरीच्या पुढे, खोपोलीच्या रस्त्याला, ओतकामाचा कारखाना काढला होता. ओतायचं काय, तर मोटारीची चाकं. आणि तीही अॅल्युमिनियमची! गावात ही बातमी आली तेव्हा माणसं पोट धरून हसली होती. भाताच्या टोपाची चाकं करणार म्हणे, आणि त्यावर मोटार घाट चढणार! गुप्ते समजावून सांगत, की अहो, यात सिलिकॉन मिसळतात, नंतर ते भट्टीत तापवून पाण्यात विझवतात, मग ते लोखंडाशी टक्कर घेतं आणि वजनाला निम्मं. पण ऐकतो कोण.

"काका, आतला तडा दाखवणारं क्ष-किरणाचं मशीन माझ्याकडे नाही," गुप्ते म्हणाले. "चाक मुंबईला पाठवावं लागतं, पंधरा दिवस जातात. एक लाल औषध आहे, ते लावलं की तडा दिसतो, पण त्याला वेळ लागतो आणि ते मिळतही नाही पुरेसं. दहातलं एक चाक मी त्याने बघतो. उरलेल्या नवांसाठी मला तुमचा कान पाहिजे."

"साहेब, मी पोलादवाला माणूस. ही तर आमच्या चुलीवरची भांडी."

असं म्हणाले खरे, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच फाटकात हजर.

साहेबांनी एक धड चाक आणि एक तडकलेलं चाक दोरीने आढ्याला टांगून दिलं. काका महिनाभर त्या दोघांच्या मधे उभे. लोखंडी हातोडीने वळ उठायचे म्हणून ओतारी कमळ्याने त्यांना सागाची लहानशी हातोडी करून दिली. महिन्याने काका म्हणाले, "जमलं. पोलाद छातीतून बोलतं, हे नाकातून बोलतं. पण बोलतं खरं." तेव्हापासून कारखान्यात नियमच पडला. चाक भट्टीतून निघालं, विझवलं, लेथवर तासलं, भोकं पाडली, की शेवटी काकांपुढे यायचं. काका ठोकणार, मान कलती करणार आणि पाठीमागे खडूने बरोबरची खूण करणार. खूण नाही तर चाक पुन्हा भट्टीत.

अर्थात काका एका जागी उभे राहतील तर ते काका कसले! चाक येईपर्यंत सगळ्या कारखान्यात त्यांची भिंगरी चालू. कढईत अॅल्युमिनियमच्या विटा वितळताना बघायच्या. कमळ्याने औषधी गोळी तळाशी दाबली की पांढरा धूर उठायचा आणि धातूतला वायू बुडबुड्यांनी वर यायचा. तिथे काका खोकत उभे. वरची मळी काढून कमळ्या पळ्याने रस भरून घ्यायचा आणि तापवलेल्या लोखंडी साच्यात एका धारेने सोडायचा. धार तुटली तर चाक गेलं. साचा लवकर उघडला तर चाक वाकलं. उशिरा उघडला तर धातू आकसतो, साच्याला आवळून बसतो आणि आऱ्याच्या मुळाशी फाटतो. हे शेवटचं फाटणं वरून दिसतंच असं नाही. त्याच्यासाठीच काका होते.

"काका, बसा की जरा. तुमच्याकडं बघून मलाच घाम येतोय," कमळ्या म्हणायचा.

"तू साच्याकडं बघ रं, माझ्याकडं नको."

कमळ्या म्हणजे कळंबचा कमळाकर रोकडे, तिशीतला, कारखान्यातला पहिल्या नंबरचा ओतारी. हात सोन्याचा आणि नाकावर राग. दोघांचं दिवसभर चालायचं, आणि डबा मात्र दोघे एकाच वर्तमानपत्रावर उघडायचे.

पंच्याऐंशीच्या भाद्रपदात पुण्याच्या एका मोटार कंपनीने चाळीस चाकं मागवली. दहा गाड्यांना लावून त्या माणसं भरून घाटात चालवून बघणार आणि पसंत पडली तर वर्षभराचं काम देणार. रंग ते पुण्यातच लावणार होते, त्यामुळे चाकं कोरीच द्यायची होती. कारखाना उभा राहतो की झोपतो, ते या चाळीस चाकांवर होतं. साहेबांची झोप उडाली, कमळ्याचं जेवण कमी झालं. आणि नेमकं तेव्हाच काकांना चाकं बद्द ऐकू यायला लागली.

पहिल्या दिवशी एक. काकांनी खूण केली नाही. दुसऱ्या दिवशी तीन. त्यांनी परत ठोकली, दोरीला टांगून ठोकली, पंखे बंद करायला लावून ठोकली. बद्दच. साहेबांनी तिन्हींना लाल औषध लावलं. काही दिसलं नाही.

"आत असंल तडा," काका म्हणाले. "वर आलेला नसंल."

कमळ्याचं डोकं फिरलं. "माझा साचा तोच, भट्टी तीच, हात तोच. दोन वर्षांत शंभरात एक चाक जातंय आणि आता चारातली चार? साहेब, कापा. करवतीखाली घाला आणि सगळ्यांदेखत कापा. तडा निघाला तर मी भट्टी सोडतो."

चाक कापलं. पट्टीची करवत किंचाळत गेली आणि सगळे वाकून बघायला लागले. आतून चाक पांढरंशुभ्र, खोबऱ्यासारखं. दुसरं कापलं. तेही तसंच. तिसरं कापायला साहेबांनी नको म्हटलं. लेथवरचं कोणीतरी फिस्सकन हसलं आणि ते काकांना बरोबर दिसलं.

"होतं असं काका, सर्दी झाली असेल," साहेब म्हणाले. साहेब चांगला माणूस. पण त्या चांगुलपणाने काकांना जास्तच लागलं. सात चाकांच्या सात डब्यांसाठी स्टेशनमास्तरच्या तोंडावर उभा राहिलेला माणूस तो. आज पहिल्यांदा त्याचं खोटं निघालं होतं. हात दाखवून अवलक्षण झालं होतं. घरी येऊन ते जेवले नाहीत, ओट्यावरून आत, आतून ओट्यावर अशा येरझाऱ्या घालत राहिले.

आणि मग काकांनी जे केलं ते नागू ठोंबऱ्यांनी तेहतीस वर्षांत केलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात चाकं समोर आली, त्यातली कितीतरी बद्द वाजली, आणि काकांनी मनाला समजावलं, की नागू, तुला भास होतोय, उगीच परत हसं करून घेऊ नकोस. त्यांनी खूण केली. खडू जरा जोरातच दाबला. चाळीसच्या चाळीस चाकांवर खूण पडली. कमळ्याने पाठीवर थाप मारून म्हटलं, "आता कसं!" काकाही हसले.

घटस्थापना दोन दिवसांवर आली होती. त्या सकाळी काकांनी अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली आणि काकूंबरोबर घटाची मडकी आणायला कर्जतच्या बाजारात गेले. त्याच सकाळी चाकांचा टेंपो पुण्याला निघणार होता, आणि खरं सांगायचं तर तो भरताना बघणं त्यांना नको होतं.

कुंभारणीपुढे काकू उकिडव्या बसल्या. त्यांनी एक मडकं उचलून बोटाच्या पेराने वाजवलं आणि बाजूला सारलं. दुसरं वाजवलं आणि मांडीवर घेतलं.

"ते का टाकलंस गं? चांगलं हाय की," काका म्हणाले.

"तडा हाय त्याला."

काकांनी दोन्ही घेतली. एक वाजवलं. दुसरं वाजवलं. परत पहिलं, परत दुसरं. कुंभारीण बघायला लागली.

"सारखीच तर हायेत दोन्ही."

"अवो, काय बोलताय! एक टणटणतंय नि एक बद्द वाजतंय. बाजारातलं कुणीबी सांगंल."

काकांनी टाकलेलं मडकं उन्हाकडे धरून आत डोळा घातला. तळाशी केसाएवढी फट, आणि फटीतून ऊन.

ते तिथेच, त्या मडक्यांमधे खाली बसले. दोन्ही सारखीच वाजत होती. धड तेही बद्द, फुटकं तेही बद्द. म्हणजे कमळ्याच्या चाकांना काही झालं नव्हतं आणि काकांना भासही होत नव्हता. ज्याने आवाज लांबतो तो वरचा बारीक टणटणाट त्यांच्या कानाला लागतच नव्हता. मग चाळीस चाकांतलं धड कुठलं आणि फुटकं कुठलं, हे कुणी ऐकलं होतं? कुणीच नाही. आणि खूण चाळीसांवर होती.

"येसू," ते म्हणाले, "माझा कान गेला गं."

काकूंनी मडकं खाली ठेवलं. "वरीस झालं त्याला," त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्या काकांच्या कानाशी वाकून परत म्हणाल्या, "वरीस झालं. मी परसातनं हाक मारते, बांगड्या वाजवते, तुमाला नाय येत ऐकू. बोलले नाय मी. तुमच्यापाशी दुसरं हाय काय, त्या कानाबिगर? म्हटलं, जाईल तवर जाऊ दे."

"अगं, माणसं बसणार हायेत त्या चाकांवर!"

असे ओरडले की सगळा बाजार वळून बघायला लागला. काकूंचा हात सोडून काका धावत सुटले.

स्टेशनातून त्यांनी कारखान्यात फोन लावायला सांगितलं. कारखान्याचा फोन चार दिवस मेलेला. खोपोलीची गाडी फलाटाला लागलेली होती, तीत ते चढले. साठीचा माणूस, पण डब्यात बसेल तर शपथ. या दारातून त्या दारात. पळसदरीला उतरून कारखान्यात जावं, तर तोवर टेंपो निघून गेलेला असायचा. म्हणून ते थेट खोपोलीला उतरले आणि घाटाकडच्या नाक्यावर आले. सामानवाले घाट चढायच्या आधी तिथे चहाला थांबतात, रेडिएटरात पाणी घालतात.

टेंपो उभा होता! ड्रायव्हर मोरू बशीत चहा ओतून फुंकत होता.

"मोरू, गाडी मागं फिरव."

"काय झालं?"

"चाकं बघायची राहिलीत."

"काका, तुमचीच तर खूण हाय सगळ्यांवर. मी भरताना बघितली."

"म्हणूनच सांगतोय, फिरव."

"साहेबांची चिठ्ठी दाखवा. त्यांनी मला सांजच्या आत पुण्यात पोचायला सांगितलंय. उद्या माझी भाकरी तुमी देणार का?"

काका वाद घालत बसले नाहीत. मागच्या फळीवर पाय दिला, ताडपत्री उचलली आणि वर चढून चाकांच्या थप्पीवर बसले. "आता ने मला पुण्याला. तिथं कंपनीच्या दारात उभा राहून मी वरडून सांगतो, का चाकं तपासलेली नायत म्हणून. नायतर मागं फिर." मोरूने त्यांना काका, बाबा, महाराज म्हणून पाहिलं. चहावाल्यानेही येऊन सांगून पाहिलं. शेवटी मोरूने बशी आपटली, एक कचकचीत शिवी हासडली आणि टेंपो वळवला.

कारखान्याच्या फाटकात टेंपो परत आलेला बघून गुप्ते साहेब पायऱ्या उतरत धावत आले. मोरूने सगळी हकीकत सांगितली तेव्हा साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. दोन वर्षांत त्यांचा आवाज कोणी चढलेला ऐकला नव्हता. तो त्या दिवशी ऐकला. "काका, तुम्हाला कळतंय का काय केलंत? पुण्याला माणसं थांबली आहेत! तुम्ही मला बुडवायला निघालात का?"

लेथ थांबले. भट्टीवरची माणसं जवळ आली. कमळ्या हातात पळा तसाच घेऊन पुढे आला. काका टेंपोवरून उतरले. त्यांना वाटलं, साहेबांना आत केबिनमधे नेऊन सांगावं, चारचौघांत कशाला. पण ती चाकं याच चारचौघांनी ओतली होती, तासली होती, त्यांच्या भरवशावर सोडली होती.

"साहेब, माझा कान गेलाय," ते म्हणाले. "आज कळलं मला. धड नि फुटकं मला सारखंच ऐकू येतं. तुमी चाक कापलंत ना, त्याच्या मागनं मी लाजंपायी खूण केली. ऐकून नाय केली. या चाळिसांतलं एकबी मी तपासलेलं नाय. कमळ्या, तुझं खरं होतं रं बाबा, मला माफ कर."

काकांना वाटलं, कमळ्या आता हसणार. तो हसला नाही. त्याने पळा भिंतीला टेकवला, ताडपत्री ओढून काढली आणि पहिलं चाक उतरवून घेतलं. "साहेब, औषध काढा. असंल तेवढं," तो म्हणाला.

चाकं एकेक करून पुसली. लाल औषध फासलं, मुरायला ठेवलं, पुसून काढलं, वर पांढरी भुकटी फवारली आणि थांबले. तडा असेल तर आत शिरलेलं लाल त्या पांढऱ्यावर उमटून येतं. सगळा कारखाना अंगणात चाकांच्या रांगांमधे उकिडवा बसला होता. काका तेवढे उभे, या रांगेतून त्या रांगेत. पहिली दहा पांढरी. वीसही पांढरी. लेथवाल्याने हळूच म्हटलं, "सगळी चांगली निघणार बघ, फुकट फेरा पडला." काकांना ते ऐकू आलं नाही, पण त्याचं तोंड बघून कळलं. सगळी चांगलीच निघावीत असं त्यांना वाटत होतं. आणि सगळी चांगली निघाली, तर येडा म्हातारा म्हणून आपलं नाव पडेल, हेही त्याच वेळी वाटत होतं. स्वतःचीच त्यांना लाज वाटली.

एकतिसाव्या चाकावर कमळ्या थबकला.

आऱ्याच्या मुळाशी, भुकटीवर, एक लाल रेघ हळूहळू उमटत होती. नखाएवढी झाली, मग बोटाएवढी झाली. कमळ्याने चाक उलटं केलं. पाठीमागे दाबून काढलेली काकांची खूण, आणि कडेला ओतल्याची तारीख.

"त्या दिवशी साचा अडकला होता," कमळ्या म्हणाला. "उघडायला उशीर झाला. मला वाटलं, काय हुतंय. काका हायेत की तपासायला."

साहेब मटकन पायरीवर बसले. चाक त्यांनी मांडीवर घेतलं होतं आणि त्या रेघेवरून अंगठा फिरवत होते, भुकटी त्यांच्या पँटीवर सांडत होती. मग उरलेली नऊ बघितली. ती धड निघाली. एकोणचाळीस चाकं परत भरली, एक नवं ओतायचं ठरलं, आणि आजच्याऐवजी परवा सगळी एकदम पोचवतो असं सांगायला साहेबांनी मोरूला एस्टीने पुण्याला पुढे पाठवलं.

काका नळावर हात धूत होते. हातोडी त्यांनी साहेबांच्या टेबलावर ठेवली होती आणि डबा पिशवीत भरला होता. साहेब मागे येऊन उभे राहिले. त्यांनी हाक मारली, ती काकांना ऐकू आली नाही. मग खांद्यावर हात ठेवला आणि समोर येऊन, तोंड मोठं उघडून, सावकाश म्हणाले, "काका, उद्यापासून एकूण एक चाक लाल औषधाने बघायचं. कुठूनही आणतो औषध. त्या औषधाच्या टेबलावर मला तुम्ही पाहिजे. तिथे कान लागत नाही, डोळे लागतात."

काकांनी डोळ्यातलं पाणी ओल्याच हाताने पुसलं.

"येतो साहेब," ते म्हणाले. "पण आधी माझे डोळे तपासून घ्या."